नाव पुकारेपर्यंत

३ मार्च

भोंगाबाईंना,

तुझा तीन ओळींचा निरोप मिळाला. गळ्यात गाठ आहे, अठ्ठावीस तारखेला ऑपरेशन आहे, काळजी करू नका. एवढं लिहून मोकळी झालीस. काळजी करू नका म्हणे. सहा वर्षांत तुला आमची आठवण झाली ती ही बातमी द्यायला, आणि वर हा सल्ला. मी लगेच फोन केला तर उचलला नाहीस. मग लिहिलंस की डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय. जिला घरातून हाक मारायला सांगितली की मैदानाच्या पलीकडची मुलंसुद्धा खेळ सोडून घरी जायची, जिचं नाव खुद्द बाबांनी भोंगा ठेवलं, तिला कमी बोलायला सांगणारा डॉक्टर मला एकदा बघायचाच आहे.

खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे तू कबूल केलंस की गाठ आवाजाच्या नसेला लागून आहे, आणि ऑपरेशननंतर आवाज पूर्वीसारखा राहीलच याची खात्री डॉक्टर देत नाहीत. हे आधी लिहायला काय धाड भरली होती? मी काय शेजारीण आहे?

म्हणून हे पत्र. फोनवर आपलं दुसऱ्या वाक्याला भांडण होतं, आणि आता तर तुला उलटून बोलायचीही मनाई, म्हणजे भांडणातही दम नाही. तुमच्या कंपनीच्या काउंटरवर एक उंच मुलगी आहे, तिच्या हाती देते आहे. ती तुमच्या सकाळच्या विमानातल्या कुणाकडे तरी सोपवेल आणि दुपारपर्यंत ते तुझ्या टेबलावर येईल. तुमची विमानं वेळेवर जातात असं ऐकते.

या मुलीची ओळख कशी झाली तेही सांगते. विमानतळाच्या आमच्या जुन्या इमारतीतलं कॅन्टीन चालवणाऱ्यानं गाशा गुंडाळला. त्यामुळे आम्ही जुने लोक डबे घेऊन तुमच्या नव्या इमारतीत जेवायला जातो. तिथे तुमची गेटं समोरच आहेत आणि बरोबर डोक्यावर स्पीकर, आणि त्या स्पीकरमध्ये तू. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. विमानात प्रवेश सुरू होत आहे.’ घास घेतला की तू, पाणी प्यायलं की तू. माणसाला भांडून बोलणं टाकायचीही सोय ठेवली नाहीस. तुझा आवाज त्यांनी सगळ्या गेटांसाठी भरून ठेवलाय हे मी बाबांना सांगितलेलं नाही. त्या इमारतीत त्यांनी अजून पाऊल टाकलेलं नाही, टाकणारही नाहीत, मग सांगून काय करू?

तुझ्या ऑपरेशनचं मात्र सांगितलं. आवाजाचंही सांगितलं. ऐकून ‘हं’ म्हणाले आणि उठून आत गेले. मी म्हटलं झालं, संपला विषय. थोड्या वेळानं जाऊन बघते तर कोट काढलाय आणि इस्त्री फिरवतायत. आपल्या घरात कोटाला इस्त्री म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको. प्रवास.

तू आपली कंपनी सोडून पलीकडच्यांचा, त्या दुसऱ्या विमान कंपनीचा गणवेश घालून दारात उभी राहिलीस तेव्हा ते म्हणाले होते की हे कापड या घरात येणार नाही, आणि तू म्हणालीस की मग मीही येणार नाही. दोघंही शब्दाचे पक्के, मधल्या मध्ये मी सँडविच. पण ‘मी त्या घरात जाणार नाही’ असं काही ते म्हणाले नव्हते, हे आता मला त्यांच्याकडूनच कळलं. इस्त्री करता करता कायदा सांगत होते.

तेव्हा ते येतायत. आपल्या कंपनीच्या विमानानं, नऊ तारखेला. घरी राहा.

ताई


९ मार्च

भोंगा,

आले नाहीत हे तुला कळलंच असेल. आता कारण ऐक.

आमच्याकडे काय चाललंय ते तू तिकडे बातम्यांत बघत असशील. मी इथे उभी राहून बघते. भाड्यानं घेतलेली विमानं मालक एकेक करून घेऊन जातायत. उरलेल्यांतलं एक दुसऱ्याचे भाग लावून उडवतात. विमानात आता जेवण नाही, चहा नाही, फक्त पाणी, तेही विचारल्यावर. काल बोर्डिंग पासचा कागद संपला तर आम्ही जागेचा नंबर हातानं लिहून दिला. आणि साहेबांचं रोज एक पत्र येतं की आपण एक कुटुंब आहोत. कुटुंब कसलं, कर्माचं. कुटुंबात निदान कोण घर सोडून निघालंय ते जेवताना तरी कळतं. इथे पायलट आज आहे तर उद्या नाही, त्याचं कपाट उघडलं की एक टाय आणि बुटाचं पॉलिश.

मी दिवसभर माफी मागते. बावीस वर्षं नोकरी केली त्यात एवढी माफी मागितली नव्हती. एक गृहस्थ माझ्या अंगावर बॅग फेकून गेला. एक बाई रडली नाही, ओरडली नाही, नुसती काउंटरला हात टेकून उभी राहिली, तिचं काय करायचं तेच मला कळेना.

अशात आपले तीर्थरूप कोट-टाय घालून हजर. स्टँडबाय. तुला आठवतंय ना सगळं? की नव्या कंपनीत गेल्यावर विसरलीस? नोकरदारानं आणि त्याच्या घरच्यांनी नीट कपडे घालायचे. बाजूला उभं राहायचं, गेटकडे बघायचंसुद्धा नाही, बघितलं तर मिंधेपणा दिसतो. तिकीट काढलेले सगळे चढले, उशिरा धापा टाकत आलेले चढले, आणि मग जागा उरली तर आपलं नाव पुकारतात. मिळेल तिथे बसायचं. शेजाऱ्यानं विचारलं तरी कंपनीचे आहोत म्हणायचं नाही. आणि उतरायचं सगळ्यात शेवटी. आईनं एकदा वाटेत मळमळतंय म्हणून आधी उतरायला बघितलं तर बाबांनी तिला नुसत्या नजरेनं खाली बसवलं होतं. आणि त्या सुट्टीत तुझं आणि आईचं नाव पुकारलं, आमचं नाही, तर चौघंही बॅगा घेऊन घरी परत आलो होतो, तेही आठवत असेल. तू वाटभर भोंगा लावला होतास.

आज दोन विमानांची माणसं एका विमानात कोंबलेली. तरी जागा माझ्या हातात होती. एकाचं तिकीट होतं आणि तो आला नव्हता, त्याची जागा मी बाबांच्या नावावर टाकली, गपचूप, कुणाला ताकास तूर लागू न देता. बाबांना कळलं. माझ्यापाशी आले आणि हळू आवाजात विचारलं, तो माणूस येणारच नाही असं त्यानं कळवलंय का? मी म्हटलं, नाही कळवलं. मग म्हणाले, ते नाव काढ. मी काढलं. तो माणूस दार बंद व्हायच्या आत आला, वर मलाच ओरडून गेला.

बाबा घरी येऊन कोट हँगरला लावत म्हणाले, बघ, आला की नाही. जसा काही त्यांचा विजय झाला. मी हात टेकले.

आपलं विमान तुझ्याकडे आता सहा दिवसांतून एकदाच जाणार आहे. पुढचं पंधराला.

तू जेवतेस का नीट? गिळताना दुखतं का? लिहीत का नाहीस?

ताई


१५ मार्च

भोंगा,

दुखतं म्हणालीस. दोन शब्दांचं उत्तर. तुझ्याकडून दोन शब्द म्हणजे मला काळजीच वाटते, लांबलचक शिव्या घातल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

आज मी तुला आनंदाची बातमी लिहायला घेतली होती. खरंच घेतली होती, वरचा कागद फाडून टाकला, त्यावरच्या तारखेचा ठसा या कागदावर उमटलेला दिसेल. बाबांचं नाव पुकारलं गेलं. मी स्वतः पुकारलं. गेटच्या माईकवरून, पूर्ण नावानं, आडनावासकट. ते खांबाजवळ उभे होते, पाठ गेटकडे. नाव ऐकून वळले, टाय सारखा केला आणि माझ्यासमोरून गेले, ओळख नसल्यासारखे. कामावरच्या माणसाशी गप्पा मारायच्या नाहीत, हाही नियमच. मी पण ओळख नसल्यासारखी त्यांच्या हातात पास दिला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी संगणकाकडे बघून जिरवलं.

बसले. दार लागलं. मी म्हटलं सुटले एकदाचे.

आणि विमान हलेना. तेलाची गाडी आलेली, पण तेल देणारे म्हणतात आधी रोख, मग नळी. साहेबांना फोन लावला तर साहेब बैठकीत. बैठक कसली, कुणाला माहीत. पंख्याखाली बसून एकमेकांची तोंडं बघत असतील. आत उकाडा, लहान मुलं रडतायत, लोक उठून हवाई सुंदरीच्या अंगावर धावतायत, ती बिचारी पाण्याचे पेले फिरवतेय. शेवटी सगळ्यांना उतरवलं.

बाबा उतरलेच नाहीत. म्हणजे उतरले, पण सगळे गेले तरी हे येईनात, म्हणून मी आत धावत गेले. काय झालं असेल ते सांग. मागच्या रांगेपासून सुरुवात करून ते एकेका जागेवरची चादर घडी करत पुढे येत होते. हवाई सुंदरी सगळ्यात पुढच्या जागेवर पाय वर घेऊन बसली होती, तिच्यात त्राण नव्हतं. मी म्हटलं, बाबा, बास करा, हे विमान उद्या त्याचा मालक घेऊन जाणार आहे. ते म्हणाले, मग त्याला असं द्यायचं का?

मी चिडले, आणि मग दुसऱ्या बाजूच्या चादरी मीच घडी केल्या. काय करणार. सवय.

घरी येताना त्यांना म्हटलं की आता पलीकडच्यांचं तिकीट काढू. खिडकीबाहेर बघत बसले. मी तेच पुन्हा म्हटलं. म्हणाले, एवीसला आहे ना आपलं? एकवीस म्हणायचं होतं, जीभ वळली नाही. थकलेत गं. विमानं दुरुस्त करायच्या हँगरमध्ये फोरमन होते तेव्हा पंखाखाली वाकून वाकून पाठ गेली, ती आता उभं राहिलं की ताठत नाही. तरी खुर्चीवर बसत नाहीत गेटपाशी. खुर्च्या प्रवाशांच्या.

दिवस कमी उरलेत याची जाणीव मला आहे. तू ते लिहू नकोस.

ताई


२१ मार्च

भोंगा,

कंपनी बंद झाली.

तुला माझ्या आधी कळलं असेल. आम्हाला प्रवाशांकडून कळलं. एक माणूस फोन माझ्यासमोर धरून म्हणाला, बाई, तुम्ही इथे कशाला उभ्या आहात? मी वाचलं. खरंच की, कशाला? मग वरून सांगितलं गेलं की जमलेल्या लोकांना घरी पाठवा, पास जमा करा, आणि काउंटरवरच्या पाट्यांचे दिवे काढा. दिवे कुणी काढायचे यावरून अर्धा तास वाद झाला, कारण तो विभागच आधी गेला होता. शेवटी मी खुर्चीवर चढून बटण शोधलं. आपल्या कंपनीचा तो निळा पक्षी, ज्याचं चित्र तू पाटीभर काढायचीस, तो विझला. विझल्यावर कळलं की पाटी किती मळकी होती. इतकी वर्षं दिव्यामुळे दिसलीच नाही.

बाबा तिथेच होते. एकवीसचं विमान ना. कोट घालून खांबाजवळ. मी त्यांच्यापाशी गेले आणि म्हटलं चला. त्यांनी विचारलं, रद्द झालं का? मी म्हटलं, सगळंच. ते म्हणाले, पुढचं कधी आहे?

घरी आलो. दार लावलं आणि मग माझा बांध फुटला. सगळं आठवत नाही, पण जे बोलले ते तुझ्यापासून लपवत नाही. मी म्हटलं, पुढचं विमान नाही. कधीच नाही. ज्या कंपनीसाठी तुम्ही मुलीला दारातून परत पाठवलंत, ती कंपनी आज दिवे न काढता पळून गेली, दिवे मी काढले. तुमची मुलगी तिकडे एकटी आहे. तिच्या गळ्यावर सुरी चालणार आहे. त्यानंतर तिचा आवाज राहील की नाही हे कुणालाच माहीत नाही, आणि तुम्ही विमानाच्या शेपटीचा रंग बघत बसलाय. आवाज गेल्यावर जाऊन काय चादरी घडी करणार आहात?

त्यांनी कोट काढला नव्हता. तसेच पलंगाच्या कडेवर बसले. मला वाटलं आता बोलणंच टाकतील, तुझ्याशी टाकलं तसं माझ्याशीही. मग म्हणाले,

“तिकीट कसं काढतात?”

मला आधी समजलंच नाही. मग लक्षात आलं. भोंगा, या माणसानं जन्मात तिकीट काढलेलं नाही. विमानं उघडून पुन्हा जोडली आहेत, आवाज ऐकून कुठला पंखा कुरकुरतोय ते सांगायचे, पण तिकीट कधी विकत घेतलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसून फोनवर काढलं. पंचवीस तारखेचं, सकाळचं, पलीकडच्यांचं. तुमचा तो लाल रंग पडद्यावर आला तेव्हा त्यांनी मान फिरवली, पण उठून गेले नाहीत. मी जागा निवडली, खिडकीची. ते म्हणाले, जागा आत्ताच सांगतात? मी म्हटलं, हो. म्हणाले, मग ती आपलीच? दुसरं कुणी आलं तरी? मी म्हटलं, कुणीही आलं तरी.

“हे बरंय,” म्हणाले. नाराजीनंच म्हणाले, पण म्हणाले.

तेव्हा पंचवीसला विमानतळावर जा. येतायत. यावेळी नक्की. मी तुला शब्द देते, आणि तुला माहीत आहे मी सहसा देत नाही.

माझं काय, ते विचारू नकोस. गणवेश धुवायला टाकलाय. कशासाठी ते मलाही माहीत नाही. पास जमा करायच्या आधी तुमच्या इमारतीतल्या त्या जेवायच्या जागी आज शेवटचं जाऊन आले. बाकीची टेबलं रिकामी होती, तरी स्पीकरखालच्याच टेबलावर बसले. रोज तिथेच बसायचे. आता कळलं ना, झालं समाधान?

ताई


२५ मार्च

भोंगा,

हे पत्र पूर्ण वाच. चुरगाळू नकोस. तुझा फोन बंद आहे आणि त्याआधीचा तुझा निरोप मी वाचलाय: ‘कळलं. पुन्हा नको.’ काय कळलं तुला, कपाळ? काहीएक कळलेलं नाही.

तू सकाळी विमानतळावर उभी राहिलीस, सगळे बाहेर आले, बाबा आले नाहीत. तुझा समज झाला की त्यांनी ऐनवेळी पाठ फिरवली. मी तुझ्या जागी असते तर माझाही झाला असता, आणि मीही फोन बंद करून टाकला असता. पण झालं ते असं.

मी त्यांना नव्या इमारतीच्या दारापर्यंत सोडलं. माझा पास जमा झालाय, त्यामुळे बावीस वर्षांत पहिल्यांदा मी दाराबाहेर राहिले. त्यांनी उंबऱ्याशी जरा पाय आखडला, मग गेले. कोट, टाय, हातात छोटी बॅग, बॅगेत तुझ्यासाठी काय घेतलंय ते मला दाखवलं नाही. मी सुटकेचा श्वास टाकून घरी आले. चहा ठेवते न ठेवते तोच त्या उंच मुलीचा फोन. म्हणाली, तुमचे बाबा इथेच आहेत, विमान गेलं.

मी तशीच चपला अडकवून पळाले. त्या मुलीनं कुणाच्या तरी हातापाया पडून मला आत नेलं. बाबा खांबाजवळ उभे. हातात बोर्डिंग पास, त्यावर जागेचा नंबर छापलेला, खिडकीची जागा, तीच.

गेटवरचा मुलगा रडकुंडीला आला होता. तो म्हणाला, हे आजोबा पहिल्यापासून इथे उभे आहेत, पाठ करून. मी जाऊन विचारलं की आजोबा, तुमचं हेच विमान का, तर म्हणाले, आधी सगळ्यांना जाऊ द्या. नंतर गर्दी झाली, माझं लक्ष गेलं नाही. मग मी त्याला विचारलं, नाव पुकारलं नाहीत? तो म्हणाला, आम्ही नावं पुकारत नाही, ते बंद झालंय, टेप लागते.

टेप लागते. तू लागतेस.

मी जे बोलायचं ते बोलले, चार माणसांत. बाबा, हे तुमचं विकतचं तिकीट आहे, यावर तुमची जागा आहे, तुम्ही पहिले जाऊन बसला असतात तरी कुणाची माय व्याली नव्हती अडवायला. कशाची वाट बघत होतात? ते म्हणाले, नाव पुकारलं नाही. एवढंच. मी डोकं धरून बसले, तेही त्या प्रवाशांच्या खुर्चीवर. तिन्ही वेळा जागा नव्हती, तेल नव्हतं, कंपनी नव्हती, आणि आता सगळं असताना हा माणूस सभ्यपणे उभा राहिला. कुणाला सांगितलं तर हसतील. मलाही हसू येत होतं.

तेवढ्यात शेजारच्या गेटवर दुसऱ्या विमानासाठी पुन्हा टेप लागली. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आणि मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मान जराशी तिरकी केली, हँगरमध्ये इंजिन ऐकताना करायचे तशी. टेप संपेपर्यंत हलले नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

“ती अजून बोलत होती. मला वाटलं, वेळ आहे.”

सहा वर्षं जिचं नाव घरात काढलं नाही, तिला ते खांबाला टेकून ऐकत होते, आणि विमान गेलं. त्यांना टेप कळत नाही असं नाही, उभा जन्म विमानतळावर काढलाय. तरी. मी त्यांना घरी घेऊन आले. कशासाठी ओरडू? त्यांनी वाटेत एकदाच विचारलं, ते भरलेलं राहतं का, म्हणजे नंतरही? मी म्हटलं, कंपनी ठेवेल तोवर राहतं. म्हणाले, कंपनीचा काय भरवसा.

आता नीट ऐक. त्या उंच मुलीनं त्यांना उद्या दुपारच्या विमानात जागा दिलीय. त्यांनी तिला खोदून विचारलं की कुणा तिकीटवाल्याला काढून तर देत नाही ना, तेव्हा तिनं गळ्याला हात लावून शपथ घेतली. ती स्वतः त्यांचा हात धरून जागेवर नेऊन बसवणार आहे, पट्टा लावून. हे पत्र सकाळच्या विमानानं त्यांच्या आधी पोचेल. तू दवाखान्यात परवा संध्याकाळी दाखल होणार आहेस, म्हणजे उद्या तुला मोकळीक आहे. विमानतळावर जा. रागावलेली जा, पण जा.

आणि तिथे काय होईल ते सांगून ठेवते, कारण सकाळी तू किती वेळ थांबलीस ते मला माहीत नाही. सगळे बाहेर येतील. बॅगावाले, मुलंवाले, चाकाच्या खुर्चीतले, सगळे. मग कुणीच येणार नाही. तुला वाटेल, झालं, पुन्हा तेच. तेव्हा निघू नकोस. ते सगळ्यात शेवटी उतरतात. बहुतेक चादरी घडी करत असतील. सफाईवाले आत जायला लागतील, तुमचे पायलट बॅगा ओढत बाहेर येतील, तरी निघू नकोस. त्यांच्या मागून येतील.

आणि आले तरी तुझ्याकडे येणार नाहीत. दारापासून जरा बाजूला, एखाद्या खांबाजवळ उभे राहतील, टाय सारखा करतील आणि भलतीकडे बघत बसतील. तो राग नाही, भोंगा. इतकी वर्षं तुला आणि मला दोघींनाही तो राग वाटला. आपल्याला जागा आहे की नाही, हे कुणी सांगेपर्यंत ते पुढे पाऊल टाकत नाहीत. त्यांना तेवढंच येतं.

डॉक्टरांचं परवापासून ऐक. उद्या एकदा ऐकू नकोस. त्या खांबापर्यंत पोचेल अशी, पूर्वी मैदानापर्यंत पोचायची तशी, मोठ्यानं हाक मार.

ताई